मोकळा झालेला फोन

...नाही, मला एक सांगा, चांगला चालता-बोलता फोन कुणी आपणहून दुसऱ्याच्या हातात देतं का, की घे बाबा, फाड याचं पोट आणि बदल आतडी? नाही देत! शहाणा माणूस नाही देत! मी दिला. आणि कुणाला दिला? प्यो इन-सूला! हा प्यो म्हणजे आमच्याच सोसायटीत एकशे तीन नंबर इमारतीचा वॉचमन, मी एकशे चारचा. पूर्वी त्याचं मोबाइलचं दुकान होतं, ते बुडालं. का बुडालं ते मला आता कळलं!

झालं असं, फोन पाच वर्षांचा. कंपनीनं हात वर केले, म्हणाली आता अपडेट-बिपडेट काही मिळणार नाही. तर हा प्यो माझ्या केबिनच्या खिडकीत कोपरं टेकून म्हणतो, "बान दादा, कंपनीनं साखळदंड घातलेत हो या फोनला, साखळदंड! मी दुसरी सिस्टीम टाकून देतो. लोकांनी लोकांसाठी बनवलेली, फुकट! फोन मोकळा होईल!" आणि दोन तासांनी आणून दिला, तोंडभर हसत, "घ्या, झाला मोकळा!" दिसायला काय देखणा हो! अक्षरं नवी, रंग नवे, बॅटरीसुद्धा टिकायला लागली... फक्त इंटरनेट गेलं. बरं, पुरतं गेलं असतं तर माणूस रडून गप्प तरी बसतो. हे यायचं, पण कसं? सकाळी हवामान बघायला उघडावं, पाऊस पडून जावा, मी भिजावं, कपडे बदलावे, आणि मग पान उघडावं, 'आज छत्री न्या'! फोन मोकळा झाला म्हणे!

तुम्ही म्हणाल, वॉचमनला एवढं घाईचं इंटरनेट हवंय कशाला? अहो, चुसक आला होता तोंडावर! पूर्वजांचा सण, अख्खं सोल गावाकडे पळतं, आणि रेल्वेची तिकिटं बुधवारी सकाळी सातला सुटतात ती सव्वासातला संपतात. त्यात यंदाचं तिकीट साधंसुधं नव्हतं. आमच्या लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. अठ्ठावीस चुसक माझ्या थोरल्या भावाकडे, आणि अठ्ठावीसही वेळा बायको तिथं शेगडीपुढे बसून मासे-भाज्या पिठात घोळवून तळतेय, पुरुष मंडळी खाताहेत, मीही खातोय... खोटं कशाला बोलू. तिची आई पार दक्षिणेच्या टोकाला, यॉसूला, चौऱ्याऐंशीची, एकटी. तिच्याकडे आम्ही जायचो ते सण संपल्यावर, उरलंसुरलं डब्यात भरून, तेही जमलं तर. तर यंदा मी म्हटलं, दोन पेले दारू, आमची सोजू, पोटात असेना का, पण माझ्या तोंडानं म्हटलं, "हे-ऊनच्या आई, यंदा सण तुझ्या आईकडे." बाईनं माशाचा मधला तुकडा उचलून माझ्या भातावर ठेवला. आता लेक हे-ऊन कॅनडात, बायको पहाटेपासून शाळेच्या स्वयंपाकघरात, तिथं फोनला बंदी, मी केबिनमध्ये, तिथं कसलं आलंय वायफाय! म्हणजे सगळी मदार कुणावर? या मोकळ्या झालेल्यावर!

गेलो सिमकार्डवाल्यांच्या दुकानात. काउंटरवरची बाई काय गोड हो, "सर, सिग्नल तर पूर्ण आहे सर. ही सिस्टीम कुणाची आहे सर?" म्हटलं, "लोकांची." "कुठल्या लोकांची सर?" आता मला काय ठाऊक कुठल्या! तिनं फोन दोन बोटांत धरून असा परत दिला, जसा काही मेलेला उंदीर.

मग प्यो म्हणाला, "फोरमवर विचारा दादा, तिथं जाणकार असतात." जाणकार! एकेक महर्षी बसलेत तिथं! मी आपलं नम्रपणे लिहिलं, इंटरनेट हळू चालतंय, कृपया मदत करा. एक म्हणतो, "आधी शोधायला शिका." दुसरा म्हणतो, "लॉग कुठंय? फोनच्या आतल्या नोंदी दाखवल्याशिवाय बोलू नका." तिसरा म्हणतो, "माझ्याकडे तर झकास चालतं." अरे, झकास चालतं तर तू इथं काय करतोयस? शेजाऱ्याच्या घराला आग लागली की आमचं घर छान आहे हं, असं सांगायला जातोस का? आणि सगळ्यांचा मिळून एकच रामबाण उपाय: फ्लाइट मोड चालू करा, पाच आकडे मोजा, बंद करा. केलं! चार दिवस तेच केलं! पार्सल लिहून घेताना दाब, जेवताना दाब, गाड्यांना हात दाखवताना दाब... बोटाला अशी खोड लागली की झोपेत बायकोच्या दंडावर दाबत होतो. ती म्हणाली, "मला बंद करताय की चालू?"

शेवटी मंगळवारी एका भल्या माणसानं एक ओळ लिहिली, "सेटिंगमध्ये देश कुठला दिसतोय बघा." बघतो तर काय... ब्राझील! त्या प्योनं ब्राझीलच्या लोकांची सिस्टीम माझ्या फोनात कोंबली होती! फोनला वाटतंय आपण ब्राझीलमध्ये, इथल्या कंपनीचे रस्ते त्याच्या ओळखीचे नाहीत, म्हणून बिचारा सगळ्यात जुन्या थ्रीजीच्या बोळातून चाचपडत चाललाय. त्याच भल्या माणसानं सांगितल्या तशा चार ओळी बदलल्या, फोन बंद करून चालू केला, आणि... अहो, सुसाट! वारा! प्योला दाखवलं तर तो म्हणतो, "बघा, सांगितलं नव्हतं? मोकळा झाला!" मी चप्पल शोधत होतो, पण पायात बूट होते.

बुधवार. सात वाजले. बोट टेकवलं. रेल्वेच्या पानावरच्या रांगेत माझ्या पुढे नऊ हजार चारशे! अहो, इथं लोकांपुढे दोन-दोन लाख असतात! आकडा भराभर उतरतोय, पाच हजार, दोन हजार, आठशे... तेवढ्यात सातव्या मजल्यावरची बाई पुठ्ठ्यांचा ढीग घेऊन खिडकीत, "काका, हे आज टाकायचे की उद्या?" म्हटलं, "आज टाका, उद्या टाका, माझ्या डोक्यावर टाका!" वळून बघतो तर आकडा तीनशे बारावर थांबलेला. हलेना. दहा सेकंद. वीस सेकंद. आणि या बोटानं... या! मी नाही, यानं! फ्लाइट मोड दाबलं. एक, दोन, तीन, चार, पाच मोजले, बंद केलं. या देशातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल की रांगेत असताना फोनला हात लावायचा नाही, बाहेर पडलात की पुन्हा शेपटाला! पान आलं. लगेच आलं हं, झटक्यात, आता वेगाला काही कमी नव्हती! पुढे दोन लाख शहाऐंशी हजार. माझा नंबर लागला तेव्हा यॉसूच्या गाडीत उभं राहायलासुद्धा जागा नव्हती.

संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. ब्राझील सांगितलं, बोट सांगितलं, पुठ्ठेवाली बाई सांगितली. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "मुद्दाम केलंत." बस्स. पाठ फिरवून जेवायला बसली. मासा होता. मधला तुकडा कुणाच्याच भातावर नव्हता, तिनं सबंध मासा झाकून ठेवला होता. आणि मला खरंच वाईट वाटलं हो, कारण अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच मी काही मुद्दाम केलं नव्हतं!

तेवढ्यात घरातला फोन वाजला. यॉसूहून सासूबाई! "जावईबापू, तिकीट झालं का?" मी ब्राझीलपासून सुरुवात केली. "मला वाटलंच. तुमच्यानं काय होणार! म्हाताऱ्यांचं बुकिंग आधीच असतं, मी बसल्या जागी बटणाच्या फोनवरून करून टाकलं. लोक सगळे सोलहून निघतात, सोलकडे येणारी गाडी रिकामी. मीच येतेय. आठ दिवस राहीन." आणि खट्कन फोन ठेवला. बटणाचा फोन! ज्याच्यात इंटरनेट हे औषधालाही नाही! आणि माझा बसलाय मोकळा होऊन!

मी बायकोला म्हटलं, "हे-ऊनच्या आई, झालं ना मनासारखं? आई येतेय! आता तळणाचं काय काय सामान आणू?" ती उशीला टेकून बसली, पाय लांब केले, आणि म्हणाली, "तुम्हाला काय लागेल ते आणा. तळणार तुम्ही आहात. माझी आई जिथं, तिथं माझं माहेर. माहेरी मी काडी उचलत नाही."

तर सासूबाई येऊन आज तिसरा दिवस आहे. शेगडीपुढे मी. मागे खुर्ची टाकून सासूबाई, "जावईबापू, पीठ पातळ झालंय... जावईबापू, मासा करपतोय..." आणि मायलेकी फळं खाताहेत. काय सांगू तुम्हाला... माझ्याच घरात, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, मी सासरी नांदतोय.