फाट्यावरची लगोरी

मी, हरवलेल्या इसमाची सख्खी धाकटी बहीण, वय ५८ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार बाजाराच्या मागे छापखान्याच्या माडीवर, आज दुपारी डोंगराच्या पायथ्याच्या पोलीस चौकीत स्वतः हजर होऊन सांगते ते असे.

हरवलेला इसम माझा थोरला भाऊ, वय ६६, बस डेपोतून निवृत्त झालेला मेकॅनिक. मी त्याला दादा म्हणते. थंडी सरली की या वाळवंटात चार दिवस फुलं येतात. तेव्हा आम्ही दोघं दरवर्षी या डोंगराच्या माथ्यावर जातो आणि दुपारच्या आत खाली येतो. वडील होते तेव्हापासून हे चालू आहे. यंदा दादाच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. सावकाश चढायला डॉक्टरांची हरकत नव्हती, वहिनीची होती. निघताना तिने मला दारात अडवलं आणि म्हणाली, "वन्सं, तुमच्या भरवशावर सोडतेय." मी म्हटलं, "तो काय बालवाडीत चाललाय का?" हे मी बोलायला नको होतं.

उजाडता उजाडता आम्ही गाडी पायथ्याशी लावली. वर जायला धड वाट नाही. सगळी खडी आणि एकासारखे एक ओहोळ. म्हणून चढताना जिथे फाटा फुटतो तिथे आम्ही दगडावर दगड रचून खूण करतो. आमच्या घरात तिला लगोरी म्हणतात. सगळ्यात वर एक निमुळता दगड ठेवायचा आणि आपण जिकडे गेलो तिकडे त्याचं टोक करायचं. डोंगर सापडला तसाच ठेवायचा, ही वडिलांची शिस्त. त्यामुळे उतरताना जो शेवटी असेल त्याने लगोऱ्या पाडत यायचं. हवालदारसाहेबांनी विचारलं, ही कसली पद्धत? आहे ती आहे. आजवर कुणी हरवलं नव्हतं.

माथ्यावर पोचलो तोवर माझं पाणी संपलं होतं. दादा म्हणाला, "तुझ्यापेक्षा उंट कमी पितो." त्याच्याकडे त्याची निळी बाटली होती, जवळजवळ भरलेली. डोंगराच्या पाठीमागच्या उतारावर पिवळी फुलं दिसत होती. त्याला वहिनीसाठी जवळून फोटो काढायचा होता. मी म्हटलं, "हृदयाला ठिगळ लावून आलायस, गप खाली चल." तो मान फिरवून बसला. मी लघवीसाठी खडकाच्या आडोशाला गेले. परत आले तर तो नाही आणि त्याची काठीही नाही.

दादा रागावला की न सांगता चालू पडतो. माझ्या लग्नातही मांडवातून असाच निघून गेला होता. त्यामुळे मला वाटलं, गेला पुढे फुगून. मी हाक मारली नाही. मागच्या उताराकडे डोकावलेसुद्धा नाही. मी शेवटची आहे असं धरून उतरले आणि वाटेतली एकूण एक लगोरी लाथेने पाडली. तावातावाने पाडली. पायथ्याजवळच्या शेवटच्या फाट्यावर तर अंगठा ठेचला, तो अजून ठणकतोय.

गाडीपाशी तो नव्हता. जरा वेळ मी मनातल्या मनात त्याला शिव्या घातल्या. मग लक्षात आलं की तो फोटोसाठी मागच्या उतारावर गेला असणार, म्हणजे तो अजून वरच आहे आणि त्याच्या खुणा मीच मोडल्यात. तशीच परत शेवटच्या फाट्यापर्यंत चढले. डोंगरावर फोनला रेंज नाही. ओरडून घसा बसला, ओ आली नाही. गाडी त्याच्यासाठी तिथेच ठेवून थेट चालत चौकीत आले. साहेबांनी लगेच पथक वर पाठवलं. वहिनीला अजून कळवलेलं नाही. माझ्याच्याने फोन लावला जात नाही.

हा जबाब लिहीत असतानाच पथकाचा वायरलेस आला. शेवटच्या फाट्यावर लगोरी उभी आहे. टोक वरच्या बाजूला आहे. बुडाशी सावलीत निळी बाटली ठेवलेली आहे, निम्मी भरलेली. साहेब म्हणाले, लगोरी सकाळचीच असेल. नाही साहेब. ती मी पाडली होती, माझा अंगठा बघा. म्हणजे ओरडून मी तिथून निघाल्यानंतर दादा तिथवर उतरला होता. तिथून फक्त टेकाडाला वळसा घातला की आमची गाडी दिसते.

तो खाली का आला नाही, असं मला विचारण्यात आलं. त्याचं कारण मला ठाऊक आहे. तो मागे असताना मी लगोरी पाडीन, हे त्याच्या मनातसुद्धा येणार नाही. वाऱ्याने नाहीतर शेळ्यांनी पडल्या, आपली बहीण वरच चुकली, असं त्याने धरलं. माझं पाणी संपलंय हे त्याला माहीत होतं. म्हणून बाटली माझ्यासाठी ठेवली आणि ठिगळाचं हृदय घेऊन या उन्हात कोरड्या घशाने मला शोधायला परत वर गेला. वेडा आहे माझा भाऊ.

माझी विनंती एवढीच, की पथकाने त्याच्या नावाने हाका मारू नयेत. कितीही मारल्या तरी तो 'ही सापडल्यावर येतो' म्हणेल. भोंग्यावरून ओरडावं, "तुमची बहीण खाली पोचली." ते ऐकल्याशिवाय तो उतरायचा नाही. ओरडणाऱ्याचं त्याला खरं वाटलं नाही तर भोंगा माझ्या हातात द्यावा.

जबाब मला वाचून दाखवला. मी बोलले तसाच उतरवला आहे, खाडाखोड नाही. सही करते आणि पथकाच्या दुसऱ्या तुकडीबरोबर वर निघते.