दीड फूट

[ओसाका. जुन्या कॅमेऱ्यांचं एक अरुंद दुकान. काउंटरच्या आत मालक मुतो. बाहेर इझुमी आणि तिचे वडील. काउंटरवर वडिलांचा जुना कॅमेरा, त्यांच्या हातात त्याची लेन्स. इझुमीच्या छातीशी पट्ट्यांत बांधलेली पाच महिन्यांची सुझु, अर्धवट जागी.]

मुतो : शर्टाच्या टोकानं पुसताय? पुसा, पुसा. पुढच्या वेळी येताना तव्याची घासणी पण आणा.

बाबा : चाळीस वर्षं शर्टानंच पुसतोय. काही झालेलं नाही.

मुतो : काही झालेलं नाही! आतली काच न्हाणीघराच्या खिडकीसारखी झालीय. हिच्यातून बघितलं तर माझी बायकोसुद्धा तरुण दिसेल.

इझुमी : साफ होईल का पण?

बाबा : साफ कशाला करायची? तू मध्ये पडू नकोस. मुतोसान, ही ठेवून घ्या आणि ती वरच्या फळीवरची द्या. मोठ्या तोंडाची.

मुतो : ती? ती हौशे-नवशे घेतात, गळ्यात घालून मिरवायला. कॅमेऱ्याला लावली की कॅमेरा नाक जमिनीला टेकवतो.

बाबा : मेणबत्तीच्या उजेडात फोटो येतो तिच्यानं.

इझुमी : आमच्याकडे वीज आहे, बाबा.

बाबा : हिला काय कळतंय! मुतोसान, कॅमेरा माझा आहे. हिला वापरायला देतोय, एवढंच. लेन्स मी ठरवणार. पन्नास मिलिमीटरची हवी, ह्या स्क्रूवर बसणारी हवी आणि चार लोकांत काढली तर लाज वाटू नये.

इझुमी : कुठल्या चार लोकांत? मी बाळंतीण आहे. मला घरातून कचरा टाकायला जायला वेळ मिळत नाही.

मुतो : बाळाची आई, तुम्ही सांगा. तुम्हाला कशाला हवीय?

इझुमी : हिला दूध पाजते ना, तेव्हा ही मध्येच प्यायचं थांबते आणि वर बघते. माझ्याकडे. तेवढ्याच अंतरावरून मला हिचा चेहरा हवाय. एप्रिलपासून ही पाळणाघरात जाणार. तिथे कुणीतरी दुसरं बघेल हिच्याकडे, आणि तोपर्यंत ही असं बघायचं विसरून पण जाईल.

बाबा : दूध पिणारं पोर! हा काय फोटोचा विषय आहे? फोटोत माणूस डोक्यापासून पायापर्यंत यावा. मागे काय आहे ते दिसावं. कुठे काढला, कधी काढला, कळावं.

इझुमी : हो ना. आमच्या अल्बममध्ये चपला फार सुरेख आल्यात.

बाबा : फोन आहे की तुझ्याकडे. दिवसभर तेच तर करतेस, खटाखट खटाखट.

इझुमी : ते फोटो मी परत उघडूनसुद्धा बघत नाही. मला एक हवाय. छापलेला. भिंतीवर.

मुतो : बरं, बघू. ही जर्मन आहे. आत-बाहेर होते, खिशात मावते. कडा जरा पुसट येतात. ती घेणारी गिऱ्हाइकं त्याला कविता म्हणतात. एक जण तर इथे उभा राहून रडला होता. विकत मात्र घेतली नाही.

इझुमी : जवळ कुठपर्यंत जाते?

मुतो : एक मीटर.

इझुमी : आणि ही बारकी?

मुतो : ही प्रामाणिक लेन्स आहे. म्हणजे स्वस्त. पण धडधाकट. एक मीटर.

इझुमी : ती वरची?

मुतो : मोठं तोंड, मोठा खर्च, एक मीटर.

इझुमी : सगळ्या मीटरवरच का थांबतात? काय आहे तिथे, फाटक आहे का?

मुतो : ह्या कॅमेऱ्याच्या खिडकीत बघा. दोन बाळं दिसतात ना? लेन्स फिरवत दोन्ही बाळं एकावर एक आणायची, की फोटो स्वच्छ. पण बाळ एक मीटरच्या आत आलं की खिडकीचा हिशोब संपतो. ती दोन एक होत नाहीत. म्हणून लेन्सही तिथेच थांबते.

बाबा : आणि तसंच पाहिजे. माणसाकडे बघायचं तर थोडं मागे सरकूनच बघावं.

इझुमी : “मागे सरक, इझुमी. अजून एक पाऊल. अजून एक.” लहानपणी ऐकलेलं बापाचं एवढंच वाक्य आठवतं मला, मुतोसान. एकदा मागे सरकत सरकत मी कालव्यात पडले.

बाबा : गुडघाभर पाणी होतं.

इझुमी : आणि तुम्ही फोटो काढलात.

बाबा : चांगला आलाय.

मुतो : तुम्ही नोकरीला कुठे होता हो?

बाबा : वजनमापं. निरीक्षक.

मुतो : वाटलंच! माझा बाप सुतार. शाकूच्या, म्हणजे जुन्या मापाच्या पट्टीनं मोजतो म्हणून तुमच्यासारखाच कुणीतरी येऊन पट्टी घेऊन गेला होता. आठवडाभर म्हातारा जेवला नाही.

बाबा : कायदा होता. मीटर म्हणजे मीटर. ज्याला मीटर कळत नाही त्यानं झोपडी बांधावी, घर बांधू नये.

मुतो : त्यानं बांधलेली घरं भूकंपात उभी राहिली, साहेब. तुमची पट्टी कुठे होती?

इझुमी : भांडा तुम्ही दोघं. सुझु, बघ, आजोबांना जोडीदार मिळाला.

बाबा : मी म्हणतो मोठ्या तोंडाची घे. भिंतीवर लावायचाय ना? भिंतीवर एक फोटो आहेच आपल्या घरात, त्याच्या शेजारी शोभायला नको?

इझुमी : कुठला फोटो?

बाबा : तुझ्या आईचा.

इझुमी : तो आईचा आहे? मला वाटलं राखाडी डाग आहे आणि त्याला कुणीतरी किमोनो नेसवलाय.

बाबा : इझुमी.

इझुमी : मुतोसान, घरात चाळीस वर्षं कॅमेरा. आणि आई गेली तेव्हा देव्हाऱ्याशेजारी लावायला तिचा एक चेहरा निघाला नाही. एक. अंत्यविधीवाले बिचारे सगळे अल्बम उपसत बसले. शेवटी ऑफिसच्या सहलीच्या फोटोतून तिचं डोकं कापून मोठं केलं. तांदळाच्या दाण्याएवढं होतं ते. खाली भलत्याच बाईचा काळा किमोनो चिकटवला. मागे पूल होता. पुलाचा एकेक खिळा मोजता येतो.

बाबा : तो नवा पूल होता. तेव्हा फार गाजला होता.

इझुमी : हो, पुलाच्या अंत्यविधीला उपयोगी पडेल.

मुतो : ...मी वरची काढतो. शिडी कुठे ठेवली मी?

बाबा : काढा. हिचं ऐकू नका. बाळंतपणानंतर बायकांचं असं होतं, जिथे तिथे मरण दिसतं.

इझुमी : दिसतं. ही झोपली की नाकासमोर बोट धरून बघते मी, श्वास चालतोय का. रात्रीत चार-चार वेळा. तुम्ही कधी धरलं होतं?

बाबा : ते तुझी आई बघायची.

इझुमी : आणि आईचं कोण बघायचं? द्या ती लेन्स इकडे, डबीत घालते. हिच्यावर हा लाल ठिपका कसला?

बाबा : मी लावलाय. हात नको लावूस. ह्यावरचे सगळे आकडे फुटांत कोरलेत, अमेरिकनांना विकायला बनवलेली असणार. फूट! कुठल्या तरी राजाचा पाय. मी काय लोकांच्या पायांवरून फोटो काढू? घरी टेप लावून मोजलं. जिथे अडते तिथे एक मीटर सात सेंटिमीटर. तिथे ठिपका लावला. फुसाएचं नेलपॉलिश होतं.

इझुमी : आईचं?

बाबा : तिला आवडला नव्हता तो रंग.

इझुमी : मग ठिपक्याच्या पुढे हे आकडे कशाला आहेत? तीन, अडीच, दोन...

बाबा : असतील दुसऱ्या कुठल्या तरी कॅमेऱ्यासाठी. सांगितलं ना, फुटांत आहेत, मी वाचत नाही ते. फिरवू नकोस उगाच. फिरवू नकोस म्हटलं ना! काय वाजलं?

इझुमी : मी काही नाही केलं. हिनं लाथ मारली, माझा हात सरकला.

बाबा : कट् झालं. मोडलीस! चाळीस वर्षं जपली, आणि एका मिनिटात...

इझुमी : बाबा, ही फिरतेय अजून.

बाबा : मोडल्यावर फिरणारच! पोराला बांधून दुकानात येतात आणि...

मुतो : काय मोडलं? थांबा, शिडीवरून उतरू द्या. इकडे आणा. ठिपका इथे... अरे. अरे देवा.

बाबा : बघितलंत?

मुतो : बघतोय. मघापासून मी आतलं धुकं बघत बसलो, बाहेरून हिला पाहिलंच नाही. नखाचा रंग बघितला आणि म्हटलं, कुणा पोराटोराच्या हातातली दिसतेय.

इझुमी : म्हणजे? मोडली की नाही?

मुतो : मोडली नाही. ही अशीच असते. ठिपक्यापाशी खाच आहे. खिडकीचं काम तिथे संपतं, हे सांगायला खाच. जरा रेटलं की कट् वाजतं आणि लेन्स पुढे जाते. दीड फुटापर्यंत.

इझुमी : दीड फूट म्हणजे किती?

मुतो : माझ्या बापाच्या पट्टीनं दीड शाकू. जवळजवळ तेवढंच. हे तुमच्या कोपरापासून बोटांपर्यंत धरा. बाळ मांडीवर असलं की तुमच्या डोळ्यांपासून तिच्या डोळ्यांपर्यंत तेवढंच असतं.

बाबा : पंचेचाळीस सेंटिमीटर, सात मिलिमीटर.

मुतो : तेच. फक्त तिथे खिडकीवर भरवसा ठेवायचा नाही. ती दोन बाळंच दाखवत राहील. कॅमेऱ्याला दोरी बांधा, दीड फुटावर गाठ मारा. गाठ बाळाच्या गालाला टेकवायची, दोरी सोडायची, बटण दाबायचं.

इझुमी : दोरीनं?

मुतो : दोरीनं. असा एक फोटो चुकेल, दुसरा चुकेल, तिसरा येईल.

बाबा : अडलं की थांबायचं असतं. यंत्राला कधी रेटू नये. ते काय कुणी लिहून ठेवलं होतं का, की इथे रेटायचं?

मुतो : लिहून काय, कोरून ठेवलंय, साहेब! तीन, अडीच, दोन, दीड. वजनमापांचे निरीक्षक तुम्ही. दुसऱ्यांच्या पट्ट्या उचलून नेल्यात, आणि स्वतःच्या लेन्सवरचा आकडा वाचला नाहीत. वर बायकोचा रंग फासलात.

इझुमी : पुरे, मुतोसान.

मुतो : मी आपलं खरं ते सांगतोय.

इझुमी : सांगून झालं. ते मोठं तोंड परत वर ठेवा. मला हीच हवीय. आतलं धुकं निघेल?

मुतो : निघेल. उघडून पुसावी लागेल. कापडानं. शर्टानं नाही. लाल ठिपका पण जाईल, स्पिरिट लावलं की.

इझुमी : तो राहू द्या.

मुतो : खाच इथे आहे हे आता कळलंय की तुम्हाला. ठिपक्याची गरज काय?

इझुमी : आईचा आहे. बाबा, चला. हिची दुधाची वेळ झालीय. बाबा?

बाबा : मुतोसान.

मुतो : बोला.

बाबा : हिच्यासारखं लहान तोंड नाही. मोठ्या माणसाचा चेहरा. तो मावतो का त्यात, दीड फुटावर?

मुतो : कॅमेरा उभा धरलात तर मावतो. कपाळापासून हनुवटीपर्यंत. कपाळ फार मोठं नसेल तर.

बाबा : नव्हतं फार मोठं.