प्रेताच्या वाट्याचे तीन वाडगे

नाही, नाही, मोजू नका! नूडल्सचा तिसरा वाडगा आहे, मला ठाऊक आहे, वाढणाऱ्या शिमेकाकूंनाही ठाऊक आहे, आणि तुम्ही पलीकडच्या बाकावरून हसताय ना, तुम्हालाही ठाऊक आहे! हौसेनं खातोय का मी? तुम्हाला सांगतो, घशाशी आलंय सगळं. पण काय करणार... मेलेल्या माणसानं मान वळवायची नसते, आणि मी वळवली!

मी मरतो, म्हणजे धंदाच आहे माझा. इथून चार गल्ल्या पलीकडे स्टुडिओ आहे, तिथं सामुराईंच्या पिक्चरमध्ये आम्ही तीस-चाळीस जण रोज सकाळी विग चढवून मरायला जातो. कुणी तलवारीनं, कुणी बाणानं, एकदा तर मी एका दिवसात सातदा मेलो, दोनदा एकाच माणसाच्या हातून! नियम एकच. ‘हाय’ म्हणायचं, पडायचं, तोंड खाली घालायचं. लोक तिकीट काढतात ते हिरोचं तोंड बघायला, तुमचं आमचं कोण बघतो?

पण मला दाखवायचं होतं ना तोंड! कुणाला म्हणजे? ताईला! तांगोच्या किनाऱ्यावर आमचं गाव, आईबाप लहानपणीच गेले, ताईनं वाढवलं मला. लढाईच्या वर्षांत घरात दोघांत मिळून एक रताळं, आणि ती ते माझ्यापुढं सरकवून म्हणायची, “खा रे तात्सु, माझं झालंय जेवण.” कुठं झालं होतं? कधी झालं होतं? आणि मी काय केलं, सतराव्या वर्षी तिच्याशी कडाकडा भांडलो आणि म्हणालो, “ह्या माशांच्या वासात मरणार नाही मी! नाव काढीन तेव्हाच तोंड दाखवीन!” झालं. आठ वर्षं झाली. नाव निघेना, तोंड दाखवता येईना. नवं वर्ष आलं की घरमालकीण विचारते, “घरी नाही का जात?” मी म्हणतो, “शूटिंग आहे.” कसलं शूटिंग, खोलीत एकटा भिंतीकडं बघत सणाची मोची, म्हणजे तांदळाची वडी, भाजत बसतो!

आणि मग तो पिक्चर आला. खेड्यातला सतरा वर्षांचा पोरगा नाव कमवायला लढाईवर जातो, लढाई हरतात, चिखलात प्रेतांच्या ढिगातून तो मान वर काढतो आणि तिथून त्याची खरी सुरुवात होते. सतरा वर्षांचा पोरगा, बरं का, आणि हिरो चौतीस वर्षांचा, घरी दोन मुलं! असो. त्याच्या अगदी शेजारचं प्रेत म्हणून माझी नेमणूक झाली. शेजारचं! मी त्याच संध्याकाळी ताईला कार्ड टाकलं. ‘ताई, पिक्चर बघ. पहिल्याच लढाईत हिरोच्या शेजारी जो मरून पडलाय तो मी.’ शूटिंगच्या आधीच टाकलं हो! घाई! मेलेल्या माणसानं मान वळवायची नसते, आणि जिवंत माणसानं कार्ड आधी टाकायचं नसतं!

जानेवारीची सकाळ, पाइपनं पाऊस पाडलेला, चिखल बर्फासारखा. थंडीत प्रेतांच्या तोंडातून वाफ निघते, म्हणून आम्हाला सगळ्यांना बर्फाचा एकेक खडा तोंडात धरायला देतात. पहिला शॉट, मी मान बोटभर वळवली. दुसरा, आणखी बोटभर. तिसऱ्याला हिरोला खरंखुरं रडू आलं, कॅमेरा जवळ आला, आणि मी सबंध तोंड वर केलं. म्हटलं, बघ ताई! पण तोवर बर्फ विरघळला होता...

“कट! कोण रे तो? प्रेताच्या तोंडातून चहाची वाफ निघतेय!”

हिरोनं अश्रू पुसले आणि माझ्याकडं असं बघितलं की खरंच मरावंसं वाटलं. डायरेक्टर ओरडला, “ह्याला त्या मेलेल्या घोड्यामागं टाका! हेइसाकु, तू ये इथं!” हेइसाकु म्हणजे आमच्यातला सगळ्यात जाडा, पंचाऐंशी किलोचा. तो आला, धप्पकन पालथा पडला, एका शॉटमध्ये काम फत्ते. पिक्चर लागल्यावर मी स्वतः पैसे खर्चून बघितला. घोडा छान दिसतो.

आता ताईला काय लिहू, ह्या विचारात चार दिवस गेले, तर तिचंच पत्र आलं. बसनं दोन तास, पिक्चर बघायला एकटी गेली होती मियाझूला. काय लिहिते, ऐका. “तात्सु, तोंड नाही दिसलं, पण पाठीवरूनच ओळखलं मी तुला. किती भरलास रे! तुला पोटभर घालू शकले नाही हे इतकी वर्षं खात होतं मला. आता सुटले. रडले थोडी. पुढचा पिक्चर नाही बघितला, तूच मेल्यावर पुढं काय बघायचं? ओबोनला घरी ये. मेलेलीसुद्धा त्या दिवसांत घरी येतात, तू तर नुसता पिक्चरमध्ये मेलायस. नावबिव राहू दे.”

हसा. हसा ना! मीही हसलो, आणि मग खोलीचं दार लावून ढसाढसा रडलो. सांगा, काय लिहायचं होतं मी? ताई, तो हेइसाकु होता, मी घोड्यामागं होतो, आणि अजून अठ्ठेचाळीसच किलोचा आहे? तिचं रताळं वायाच गेलं म्हणून लिहू? लिहिलं मी, ‘हो ताई, तो मीच. ओबोनला येतो.’

ओबोन दोन महिन्यांवर आलंय. हेइसाकुला विचारलं, लवकर जाड कसं व्हायचं, तर म्हणतो, “घाईनं होत नाही बाबा, मला नऊ वर्षं पडून राहावं लागलं.” मेलेल्या माणसानं मान वळवायची नसते हो... काकू, आणा चौथा वाडगा. माझं पोट पहिल्यातच भरलंय, हे आता हेइसाकुचं चाललंय.