शेठाणीच्या घरचं बारसं

मी मूळची खाप्याची. कन्हान नदीच्या काठी आमचं घर, बाप लुगडी विणे. लगन झालं तवा मी लेकरूच होती, अन नवरा तापानं गेला तवाही काही मोठी नव्हती. सासरच्याईनं माहेरी आणून सोडलं. बाप गेला होता, घर गणपतदादाचं. वाईट नव्हता माहा भाऊ, पण इधवा बहीण घरात म्हणजे काय, काय सांगू तुम्हाले.

मंग मायच्या पायाले मोठं गळू झालं तं तिले नागपूरले बायाईच्या दवाखान्यात आणलं. मडम डाक्टरीण पट्टी बांधे ते मी पाहो, अन एक दिवस मीच बांधली. मडमनं इचारलं, शिकतेस का? माय म्हणे, शीक वं, मी मेल्यावर तुले कोण पाहीन? दादा आला तो तापूनच. म्हणे, लोकाईचं हागमूत काढशीन, उद्या किरिस्ताव होशीन, शिकाचं तं शीक, पण मंग माह्या दारात येऊ नको. मी शिकली. अन गेली नाही बाप्पा, लय वर्सं गेली नाही.

तवा नर्सले कोणी खोली भाड्यानं देत नसे. बाळंतपणाले बोलवत, तेही सुईण थकल्यावर, अन मांगच्या दारानं. प्याले पाणी ओंजळीत वरून ओतत. मी निघाली का खोली शेणानं सारवत, ज्या खोलीत मी त्याईचंच लेकरू जगवलं राहे तीच. पह्यले रडू येई, मंग येईनासं झालं.

लकडगंजात एक लाकडाचे व्यापारी होते, त्याईची म्हातारी शेठाणी लय कडक. सून अडली म्हणून मले बोलावलं, अन म्हातारीच दारात आडवी. म्हणे, हात लावू नको, तिथून सांग, सुईण करीन. मी म्हटलं, आजी, लेकराचे पाय पुढं आले, हे सांगून नाही होत, मंग सारं घर धुवा, पण आता सरका. तिनं सुनेकडे पाहिलं. अन सरकली. लेकरू निळं निघालं, मी त्याच्या तोंडात श्वास घातला, पाठ चोळली, चोळतच राहिली, तवा कुठं रडलं. म्हातारी भिंतीले टेकून खालीच बसली.

बारशाचं बोलावणं आलं. मी म्हटलं मांगं बसीन, तं म्हातारीनं हाताले धरून पाळण्याजोळ नेलं अन लेकरू माह्या मांडीवर ठेवलं. एक बाई हळूच बोलली, इधवा आहे वं ते, अन वरून नर्स. म्हातारी म्हणे, हिनं हात लावला म्हणून आज पाळणा बांधला. मंग बायाईनं पाळणा म्हटला. मी लेकराकडेच पाहत बसली, वर पाहाची हिंमत नव्हती.

तवापासून लकडगंजातून माह्यासाठी टांगा येऊ लागला. खाप्यालेही ही खबर पोचली असन. एक दिवस दादा आला, मोठ्या पोरीले, यमुनेले घेऊन. दवाखान्याच्या पायरीवरच बसला, वर येईना. मी म्हटलं, काहून आला गा दादा? खाली पाहून म्हणे, इले शिकव. बस, तेवढंच. हे पाहाले माय नव्हती, इतकंच मनात राहिलं.

आता यमुना त्याच दवाखान्यात मोठी नर्स आहे. नवरा मास्तर, नर्स आहे हे पाहूनच त्यानं तिले मागणी घातली. आता मायाच आपल्या पोरी घेऊन येतात, इले नर्स शिकाले भरती करा म्हणतात. सारेच सुधरले असं नाही, एखादी अजून पाण्याचं मडकं बाजूले सरकवते. सरकवू द्या. मी सकाळी ओट्यावर उन्हात बसून राहते, जाणारे-येणारे नमस्कार करतात, त्याईच्यातले कितीक माह्याच हातावर आले. सुखी राहो बापा सारे. मले काही कमी नाही.