विहीणबाईंच्या फोटोतलं बोट

...नाही, पण दुसऱ्याच्या फोटोला नावं ठेवणं हे काय काम झालं? आणि तेही शिंप्यानं? तुम्हाला सांगतो, शपथेवर सांगतो, यातलं अक्षरन् अक्षर खरं आहे, मी स्वतः तिथं बसलो होतो... म्हणजे बसलो नव्हतो, खुर्च्या संपल्या होत्या... म्हणजे पोचलोच उशिरा, पण ते सोडा!

तर आमचा शिंपी. चाळीस वर्षं लोकांचे कपडे बेतले, मग हौशी फोटोवाल्यांच्या मंडळात समीक्षक होऊन बसला. दर रविवारी वाचनालयाच्या माडीवर मंडळी आपापले फोटो आणायची, आणि हा दोन काटकोनी पुठ्ठे घेऊन तयार! पुठ्ठे फोटोवर सरकवायचे, नको ते झाकायचं, आणि म्हणायचं, "छान आहे हो, पण इथून कापा!" बँकेतल्या कॅशियरनं अख्खा डोंगर आणला होता, कापता कापता एक दगड उरला. दंतवैद्यानं लग्नाच्या वाढदिवसाचा फोटो आणला, त्यात बायकोच कापली गेली... दंतवैद्य खूश, ते वेगळं! पण लोक ऐकायचे हो. कारण कापल्यावर तो दगड असा काही दिसायचा, की डोंगरासमोर कुणी इतकं थबकलं नसतं!

मंडळाचा नियम एकच. नुसतं 'वा वा' चालणार नाही, दोष सांगायचा, उपाय सांगायचा. ज्याला दोष सापडणार नाही त्यानं समीक्षकाची खुर्ची सोडायची.

आणि एका रविवारी फोटो घेऊन कोण यावं? त्याच्या विहीणबाई! साठाव्या वर्षी कॅमेरा हातात घेतलेल्या! आदल्या दिवशी मुलीचा फोन, "बाबा, पाया पडते, सासूबाईंना 'इथून कापा' म्हणू नका. लग्नाला तीन महिने झाले, त्या माझ्याशी दिवसाला मोजून चार शब्द बोलतात. ते चारही बंद होतील हो!"

आता आली का पंचाईत? दोष काढावा तर मुलीचं घर, न काढावा तर खुर्ची!

त्यानं फोटो समोर ओढला आणि, तुम्हाला सांगतो, माणूस गारच पडला! फोटोत त्याचीच मुलगी. जेवणाच्या टेबलावर गाल टेकून झोपलेली. हातात सुई, सुईत दोरा, पुढ्यात सासूबाईंचा स्वेटर, एक बटण लावायचं राहिलेलं. खिडकीतलं ऊन त्या दोऱ्यावरून असं चालत गेलेलं, की शिंप्याला वाटलं, चाळीस वर्षं आपण दोरा पाहिलाच नाही! आणि कोपऱ्यात... एक भलंमोठं धूसर बोट! फोटो काढणारीचंच!

मंडळी खुसखुसली. "बोट कापा, बोट!" कॅशियर म्हणाला. "मुळासकट!" दंतवैद्य म्हणाला.

शिंप्याला हायसं वाटलं. सापडला दोष, आणि बोट कापल्याचा राग कुणाला येणार! त्यानं पुठ्ठा सरकवला, बोट झाकलं... आणि फोटो विझला हो! कुठलीशी मुलगी कुठंतरी झोपलेली, बस्स. पुठ्ठा काढला, बोट परत आलं, आणि लख्ख दिसलं, की तिथं कुणीतरी श्वास रोखून उभं आहे! पोरीला जाग येऊ नये म्हणून इतकी जपतेय, की बोट कुठं गेलं याचं भान नाही! दिवसाला चार शब्द बोलणारी बाई! पुन्हा झाकलं, पुन्हा विझला. पुन्हा काढलं... अहो, अंगावर काटा!

विहीणबाई ताठ बसून होत्या. "बोला की व्याहीबुवा, कुठून कापू?"

शिंपी ताडकन उठला. "कापाल तर खबरदार! दोष एवढाच, की फोटो लहान आहे. भिंतीएवढा करा!" टाळ्यांचा कडकडाट! विहीणबाईंच्या डोळ्यांत पाणी!

...बरं, टाळ्यांपासूनचं मी घुसडलं. त्याआधीचं, ते 'भिंतीएवढा'सुद्धा. खरं सांगतो, त्यानं पुठ्ठे खिशात कोंबले, खुर्ची सोडली, फोटो काखेत मारला आणि तडक घरी. मंडळी बघतच राहिली.

फोटो अजून त्याच्याकडेच आहे. विहीणबाई दर आठवड्याला मागायला येतात, सुनेला बरोबर घेऊन. दोघींची बडबड जिन्यापासून ऐकू येते. आणि हा आतून ओरडतो, "पुढच्या आठवड्यात या, थोडं काम राहिलंय!"

आता तुम्हीच सांगा, शिंप्याकडून आजवर कुणाची वस्तू वेळेवर परत आलीय?