ट्रिंबलला घेणार कोण?

...चार-एकनं पुढे असताना! पुढे असताना म्हणतोय मी, तुम्हाला सांगतो! मागे असताना हरणं आम्हाला ठाऊक आहे, बरोबरीत असताना हरणं तर आमचं रोजचंच, पण बेसबॉलची शेवटची इनिंग, तीन रनांनी पुढे, फक्त तीन गडी बाद करायचेत, आणि पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, बदलायची वेळ आल्यावर फाटक उघडून बाहेर कोण येतो? डॅरेल ट्रिंबल! तो नुसता दिसला आणि आमच्या रांगेतल्या ऑर्विल स्टाहुरानं टोपी काढून तोंडावर धरली. हा ऑर्विल म्हणजे त्रेसष्ट वर्षांचा माणूस, एकतीस हिवाळे शहराची बर्फ सारायची गाडी चालवलेला, चार-चार फूट बर्फाला कधी भ्याला नाही, पण ट्रिंबलच्या हातात चेंडू दिसला की हा टोपीमागे लपतो. आणि लपणार नाही तर काय? पहिल्याला चार वाकडे चेंडू, जा बाबा फुकट पहिल्या बेसवर. दुसऱ्याला चार, तूही जा. तिसऱ्याला चार! तिन्ही बेस भरले, आणि चौथ्याची मात्र काय दया आली कोण जाणे, सरळ, मधोमध, ताटात वाढल्यासारखा चेंडू... तो गेला तो थेट पार्किंगमध्ये. बेसवरचे तिघे आणि तो, चौघे चक्कर पुरी करून आले, चार रन. पाच-चार! मग आमचे तिघे बॅट घेऊन गेले, तसेच परत आले. संपलं.

"ट्रेड करा ह्याला!" ऑर्विल उभा राहून ओरडला. "आजच्या आज देऊन टाका कुणालातरी!"

"अरे, पण घेणार कोण त्याला?" मागून फेलिक्स.

हा फेलिक्स हार्डवेअरचा दुकानदार. अख्ख्या हंगामात त्याचं हे एकच वाक्य. तुम्ही काहीही बोला, ट्रिंबल द्या आणि एक डावखुरा आणा, ट्रिंबल आणि दोन बॅटवाले द्या आणि एक धडधाकट माणूस आणा, ट्रिंबल द्या आणि बदल्यात चेंडूंची पिशवी आणा... फेलिक्स शेंगदाणा सोलत विचारणार, "घेणार कोण त्याला?" आणि उत्तर कुणाकडे होतं? बरं, एकटा ट्रिंबलच वाईट असता तर सोडून दिलं असतं. आमच्या टीमचं नाव हेरन्स. बगळे! टोपीवर बगळा एका पायावर उभा, आणि मैदानात पिचर तेवढ्याच भरवशाचे. एकाच्या कोपराचं ऑपरेशन, एकानं गाडीच्या डिकीत बोट चेमटून घेतलं, आणि एक तर, शपथेवर सांगतो, शिंकला! नुसता शिंकला आणि पाठ धरून सहा आठवडे घरी!

तर त्या मे महिन्यातल्या रविवारी, पाच-चार झाल्यावर, ऑर्विलची बायको बर्निस उठली. एकोणीस वर्षं ती त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसलेली बाई. मांडीवरची शेंगदाण्याची टरफलं झटकली आणि शांतपणे म्हणाली, "ऑर्विल, मी तुला सोडत नाहीये. ह्यांना सोडतेय." आणि गेली. दुसऱ्या दिवशी तिनं उरलेल्या हंगामाचं तिकीट क्लबला परत केलं आणि मागच्या अंगणात टोमॅटो लावले. टोमॅटो वेळेवर तरी येतात, म्हणाली.

ऑर्विल एकटा पडला आणि एकटा माणूस काय करतो? रेडिओवर फोन करतो! रोज सकाळी सात चाळीसला, गस नावाच्या त्या बडबड्याच्या कार्यक्रमात. "पूर्व भागातून ऑर्विल बोलतोय. ट्रिंबलला ट्रेड करा." रोज! सोमवारी डावखुऱ्याच्या बदल्यात, मंगळवारी दोन पोरांच्या बदल्यात, बुधवारी म्हणाला, "गस, तो पोरगा घाबरल्यासारखा फेकतो. घाबरट माणसाच्या हातात शेवटची इनिंग देतं का कुणी?" गसला एवढा आनंद झाला की त्यानं ऑर्विलचं ते "ट्रेड करा ह्याला!" रेकॉर्ड करून मागे तुतारी लावली आणि जाहिरातीच्या आधी वाजवायला लागला. अख्ख्या शहराला पाठ! शाळेतली पोरं म्हणायला लागली!

आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात बर्निसच्या रिकाम्या खुर्चीत एक बाई येऊन बसल्या. बुटक्या, सत्तरीच्या आसपास, बोलण्यात टेनेसीचा हेल, हातात खाकी पिशवी. पिशवीत काय? केळ्याचा केक! पहिल्याच दिवशी आख्ख्या रांगेला वाटला. फेलिक्सनं दोन घेतले. ऑर्विलला वाटलं, चला, शेजार बरा मिळाला. आणि मग तो मोकळा सुटला हो... तीन मॅच, तुम्हाला सांगतो, तीन मॅच तो त्या बाईंच्या कानाशी ओरडला. "आला, आला, आगीचा बंब आला, पेट्रोल भरून!" "अरे, डोळे उघडून फेक!" "ह्याला बर्फाचे गोळेसुद्धा फेकायला देऊ नका, शेजाऱ्याची काच फुटेल!" बाई काही बोलायच्या नाहीत. ट्रिंबल आला की चष्मा काढून मांडीवर ठेवायच्या आणि डोळे मिटायच्या. ऑर्विलला वाटलं, आपल्यासारख्याच कंटाळल्यात.

तिसऱ्या मॅचला त्या हळूच म्हणाल्या, "त्याचा खांदा लवकर उघडतो. बारा वर्षांचा होता तेव्हापासून सांगतेय, ऐकत नाही."

ऑर्विल खूश! "वा, तुम्हाला बरंच कळतं हो!"

"कळणारच. आई आहे मी त्याची. लोरीन ट्रिंबल." आणि पिशवी पुढे केली. "केक घ्या ना अजून. आणि तुमचा आवाज कुठेतरी ऐकलाय म्हणत होते, आत्ता लक्षात आलं. सकाळी सात चाळीस."

आता सांगा, माणसानं जावं कुठे? पुढे पायऱ्या, मागे फेलिक्स! ऑर्विलच्या तोंडात केक, तो गिळवेना, थुंकवेना. आमच्या रांगेत डॉटी म्हणून एक निवृत्त ग्रंथपाल बाई आहे, वही घेऊन एकेक चेंडू लिहिते, तिची पेन्सिलसुद्धा थांबली. आणि मैदानात तिकडे ट्रिंबल चौथा वाकडा चेंडू टाकतोय!

त्या दिवसापासून आमची रांग म्हणजे चर्च. कुणी ओरडायचं नाही. पण बोलल्याशिवाय राहवतं का? जुलै उजाडलेला, महिन्याच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी सहाला खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपणार, अख्खं शहर त्याच गप्पा मारतंय आणि आम्ही गप्प? मग डॉटीनं युक्ती काढली. ट्रिंबलचं नाव घ्यायचं नाही, वॉशिंग मशीन म्हणायचं.

"काय हो, त्या वॉशिंग मशीनचं काय करायचं?" डॉटी कुजबुजली.

"काढून टाका," शेजारचा कुणीतरी.

"पण घेणार कोण?" फेलिक्स. त्याला काय, त्याचं वाक्य बसतंच सगळीकडे!

आणि लोरीनबाई समोर बघत, शांतपणे, "मशीन चांगलं आहे. हलतंय फक्त. खाली नीट टेकू दिला तर चालेल."

मेलो आम्ही! बाईंना सगळं कळत होतं!

मग हळूहळू त्याच बोलायला लागल्या, ऑर्विलशी. मार्चमध्ये त्यांनी टेनेसीचं घर विकलं होतं. डॅरेल म्हणाला होता, आई, आता हीच टीम, आता हलायचं नाही, तूही ये. इथे घर घेतलं, दारात लायलॅकचं रोप लावलं. "हरला की येतो आणि बोलत नाही," त्या म्हणाल्या. "नुसती भांडी घासतो. तुम्हाला सांगते, ह्या उन्हाळ्यात माझ्याइतकी चकचकीत भांडी गावात कुणाची नसतील." ऑर्विल हसला. मग त्या म्हणाल्या, "सकाळी गॅरेजमध्ये गाडीत बसून रेडिओ ऐकतो. मी म्हणते, बंद कर. नाही करत. तुमचं बोलून झालं की रेडिओ बंद होतो, पण तो लगेच आत येत नाही. पाच-दहा मिनिटं तसाच बसतो."

ऑर्विलचं हसू तिथेच गेलं. त्या दिवशी तो मॅच अर्धी टाकून घरी गेला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा!

दुसऱ्या दिवशी सकाळी सात चाळीस. फोन.

"ऑर्विल! बोल राजा, आज कुणाच्या बदल्यात?" गस.

"कुणाच्याच नाही. ट्रिंबल चांगला पोरगा आहे. त्याला राहू द्या. लोकांनी जरा तोंड आवरावं. मी... मी चुकलो."

गसला वाटलं, थट्टा चाललीय! मग गस म्हणाला, "डोक्यावर पडलास का रे? बर्निसला बोलाव फोनवर!" आणि तुतारी वाजवली, "ट्रेड करा ह्याला!" स्वतःचाच आवाज, स्वतःच्याच कानावर! पुढचा फोन कुणा दातांच्या डॉक्टरचा, तो म्हणतो, "ट्रिंबलला ठेवा, त्या स्टाहुरालाच ट्रेड करा!" आणि स्वयंपाकघरातून बर्निस, टोमॅटो चिरता चिरता, "घेणार कोण त्याला?"

पण एकदा सुटलेलं परत येतं का? ऑर्विलनं रोज फोन केला. गसनं त्याला कार्यक्रमात घेणंच बंद केलं. म्हणे, मजा गेली तुझ्यातली.

एकतीस जुलै. आम्ही सगळे फेलिक्सच्या दुकानात रेडिओभोवती. पाच वाजले, काही नाही. साडेपाच, काही नाही. ऑर्विल रंगाच्या बादलीवर बसलेला, ओठ हलतायत, बहुधा प्रार्थना करत होता... आणि पाच चाळीसला बातमी. डॅरेल ट्रिंबल पोर्टलंडच्या टीमला. बदल्यात एकोणीस-एकोणीस वर्षांचे दोन पिचर आणि आणखी एक खेळाडू, ज्याचं नाव नंतर सांगण्यात येईल. नंतर! म्हणजे आम्ही माणूस दिला आणि घेतलं काय, ते घेणाऱ्यालाही ठाऊक नाही!

आम्ही फेलिक्सकडे बघितलं. फेलिक्सनं हातातला शेंगदाणा खाली ठेवला. "घेतलं की," म्हणाला. बस. आख्खा हंगाम जे एक वाक्य होतं गरिबाकडे, तेही गेलं.

आणि ऑर्विल? मे महिन्यापासून जे मागत होता ते मिळालं होतं त्याला. लोक रस्त्यात गाड्यांचे हॉर्न वाजवत होते. तो उठला, घरी गेला, बर्निसचे चार टोमॅटो कागदात गुंडाळले आणि लोरीनबाईंच्या दारात जाऊन उभा राहिला. दार कुणी उघडलं? डॅरेलनं! सव्वासहा फूट, खांद्यावर फडकं, हात फेसानं भरलेले.

"तुम्ही ऑर्विल," तो म्हणाला. विचारलं नाही, म्हणाला.

"हो." टोमॅटो पुढे केले. मग एकदम म्हणाला, "पहिल्या हिवाळ्यात मी अकरा टपालपेट्या उडवल्या. बर्फाच्या गाडीनं. रोज कुणीतरी खिडकीतून ओरडायचं, ह्याला काढून टाका. स्टीअरिंग धरायचीच भीती वाटायची मला... कसं वाटतं ते मला ठाऊक होतं रे. मला ठाऊक असून मी बोललो."

डॅरेलनं फडक्याला हात पुसले. "घाबरल्यासारखा फेकतो म्हणालात, ते खरं होतं," तो म्हणाला. "मग? ट्रेड केलं का तुम्हाला?"

"मला घेणार कोण!"

तेव्हा हसला तो. आणि टोमॅटो घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी गेला.

आता पुढचं तुम्हाला सांगायला हवं का? पोर्टलंडला जाऊन त्यानं नऊ मॅच शेवटची इनिंग टाकली. एक रन दिला नाही! एक! नऊ मॅच! डॉटीनं आकडा वाचून दाखवला आणि वही मिटून पर्समध्ये टाकली. आणि इकडे आमचं काय? ऑगस्टचा दुसरा रविवार, आठवी इनिंग, आणि त्या नव्या दोघांतला एक, वेन्डेल कूप, मिसरूड न फुटलेलं पोर, मैदानात आलं. पहिलाच चेंडू पंचाच्या गुडघ्यावर. पंच खाली!

ऑर्विल शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत नव्हता. मुद्दाम. एवढ्यात खाकी पिशवी आली, मागून लोरीनबाई.

"तुम्ही... गेला नाहीत?" ऑर्विल उठून उभाच राहिला.

"कुठे जाऊ? लायलॅक आत्ता कुठे धरतंय. आणि तिकीट सप्टेंबरपर्यंतचं आहे." बसल्या. चष्मा पुसला. आणि ह्या वेळी काढला नाही, नीट डोळ्यावर चढवला.

कूपनं पहिल्याला चार वाकडे टाकले. दुसऱ्याला चार. ऑर्विल गोड आवाजात म्हणाला, "पोर आहे, शिकेल, धीर धरायला हवा..." आणि तेवढ्यात बाई ताडकन उभ्या राहिल्या, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि असा आवाज काढला की खाली पॉपकॉर्नवाला वळून बघायला लागला.

"अरे ए! माझी आजी पडल्या पडल्या ह्याहून सरळ फेकेल! आणि ती जाऊन चाळीस वर्षं झाली!"

आमची अख्खी रांग गार. ऑर्विलनं त्यांची बाही धरली. "अहो बाई! अहो हळू! त्याचीही आई असेल कुठेतरी!"

"असेल ना," त्या खाली बसत म्हणाल्या आणि केकचा तुकडा मोडून त्याच्या हातात दिला. "दोन महिने मी ऐकून घेतलं. आता तिची पाळी."

कूपनं तिसऱ्यालाही चार टाकले. नऊ-दोन हरलो. आणि तुम्हाला सांगतो, अजून चव्वेचाळीस मॅच बाकी आहेत.