आंघोळीचं पाणी गाऊन आणणार

१९३९चा मे महिना. भाईंदरच्या धक्क्यावर जिजाबाई मासळीची पाटी टेकवून होडीच्या रांगेत उभी होती. पुढे उत्तनची आयडामावशी आपल्या नवरदेव भाच्याशी, आर्थरशी, भांडत होती.

“मावशी, आपल्याकडे आसऱ्याला आलेल्या त्या चेकोस्लोव्हाकियाच्या साहेबाला लग्नात गायला लावू नकोस.”

“का? कवी हाय त्यो.”

“जर्मन त्याच्या देशात घुसले, तरी हा स्वतःच्या गावच्या बोलीतच कविता करत राहिला. म्हणून पळावं लागलं.”

“बेस केलं त्यानं.”

“आणि तूही लग्नाच्या आंघोळीचं पाणी आणताना विहिरीवर गावठी गाणी म्हणू नकोस. मुंबईचे पाहुणे हसतील. बँड सांगितलाय.”

“बँड मांडवात वाजव. तुझ्या आंघोळीचं पाणी मी गाऊनच आणणार. आन माझ्यासंगं त्यो गाणार.”

“त्याचं कुणाला कळणार?”

“जर्मनांना कळलं, म्हणूनच हाकललं ना त्याला!”

मागून जिजाबाईने विचारलं, “बाय, विहिरीवर कवा यायचं?”